थंडी सौम्य असली की मध लवकर संपतो

थंडीत मधमाशा निजूनच असतात, पहाटे पेटी उघडू नका, संक्रांतीपर्यंत तर पेटीला हातच लावू नका, असा सल्ला मधमाशा पाळणाऱ्यांना दिला जातो. पहाटे पेटी उघडू नये हे अगदी मान्य, पण बाकीचं नागपूरला लागू पडत नाही. आपल्याकडे डिसेंबरात पहाटे पारा १० अंशांवर आला तरी दुपारी सहज २७-२८ होतो. माझ्या सातेरी जातीच्या देशी मधमाशांच्या पेटीवर साडेनऊला ऊन आलं की ये-जा सुरू होते, पायांना तुरीचा पिवळा पराग लागलेला असतो. म्हणजे राणीचं अंडी घालणं चालू आहे. अळ्या-कोषांपाशी ३४-३५ अंश ऊब ठेवायला माशा मधच जाळतात, त्यामुळे कडक थंडीपेक्षा अशा हवेत साठा जास्त खर्च होतो.

मागच्या वर्षी मीही तो सल्ला मानून थांबलो. जानेवारीत झाकण काढलं तर पोळ्यातली मधाची घरं कोरडी, तळाला मूठभर मेलेल्या माशा. फार वाईट वाटलं. आता दर आठवड्याला मागून पेटी जरा उचलून वजनाचा अंदाज घेतो. हलकी लागली तर संध्याकाळी आत साखरेचा पाक ठेवतो. संत्र्याचा आंबिया बहार (हिवाळा सरताना येणारी फुलं) फुलेपर्यंत एवढी काळजी घ्याच.