मदत हवी आहे: ब्रिटिश नौदलाची रेस्क्यू टग (अडचणीतली जहाजं ओढून आणणारी बोट) 'बसलर', तिची दुसऱ्या महायुद्धातली सेवानोंद

सागरवेडा:
'बसलर' १९४२ ते १९४५ कुठे कुठे होती ते हवं आहे. ब्रिटिश राष्ट्रीय अभिलेखागारातलं एडीएम ५३ (नौदलाच्या लॉगबुकांचा संच) चाळलं, लॉगबुक नाहीच. नावाने शोधलं की फक्त 'प्लूटो' येतं. जरा घाई आहे.

नांगर:
पेनंट नंबर (जहाजाचा ओळखक्रमांक)? आणि तारीखवार तक्ता हवा की एखादी मोहीम?

सागरवेडा:
डब्ल्यू ७२, लीथच्या हेन्री रॉब गोदीत बांधलेली. तारीखवार.

दर्यावर्दी:
मग प्लूटोच घ्या ना! प्लूटो म्हणजे इंग्लिश खाडीखालची इंधनवाहिनी, ती बसलरनेच अंथरली.

दोरखंड:
अर्धवट आहे हे. तिच्यात दोन प्रकारचे पाइप होते. 'लेटिमर' जहाजाने टाकली ती हेस, केबलसारखी लवचीक. बसलरने ओढला तो कोनंड्रम, म्हणजे ३ इंची पोलादी हॅमेल पाइप गुंडाळलेला तरंगता ढोल. भरला की सुमारे १,६०० टन. ओढताना ढोल गरगरतो आणि पाइप सुटत जातो. सोबत दुसऱ्या टगही लागायच्या.

दर्यावर्दी:
बसलर नसती तर ढोल हलला असता का? दुसऱ्या कुठल्या वाफेवरच्या टगमध्ये एवढा जोर होता!

दोरखंड:
वाफ कसली? बसलरला दोन पोलर डिझेल इंजिनं, एकाच शाफ्टवर.

नांगर:
दोघंही विषयावर या. सागरवेडा, लॉगबुकाचा नाद सोडा. डिस्ट्रॉयर आणि त्याहून लहान जहाजांची १९४० नंतरची लॉगबुकं बहुतेक जपलीच नाहीत. एडीएम २०८ मधल्या रेड लिस्ट बघा, लहान युद्धनौका कुठल्या तळावर होत्या ते त्यात आहे. तिथे नसेल तर एडीएम १८७, पिंक लिस्ट, म्हणजे नौदलाच्या जहाजांच्या ठिकाणांची यादी.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, टगच्या नावाने शोधू नका. तिने ओढलेल्या जहाजाच्या नावाने शोधा. टॉर्पेडो लागलेल्या जहाजाचा अहवाल त्याच्या ताफ्याच्या फाइलीत, एडीएम १९९ मध्ये असतो आणि टग त्यात एखाद्या ओळीत येते. तक्त्यात तळावरून निघाली, टो (ओढायचा दोर) जोडला, बंदरात पोचली, असे तीन वेगळे रकाने करा. एकच तारीख घातली की ती एकाच वेळी दोन ठिकाणी दिसते. जहाज वाटेत बुडालं तर शेवटचा रकाना रिकामा राहील. तेही कामच आहे, गाळू नका.

शिडाची_होडी:
व्यापारी खलाशांची पदकं शोधायची असतील तर त्याच अभिलेखागारातला बीटी ३९५ संच. रेस्क्यू टगवरची बरीच माणसं व्यापारी नौदलातून टी १२४टी कराराने आलेली, त्यांच्यासाठी बीटी ३९०.

सागरवेडा:
पदकं नकोत हो. मध्ये महिनेच्या महिने रिकामे येतायत त्याचं काय?

दोरखंड:
येणारच. रेस्क्यू टगचं निम्मं काम हुकमाची वाट बघत तळावर सज्ज राहणं. त्या दिवसांना 'तळावर' लिहा, 'माहिती नाही' नको. पण रेड लिस्टमध्ये तसं दिसलं तरच.

सागरवेडा:
या लिस्ट घरबसल्या दिसतात?

नांगर:
कॅटलॉगात डाउनलोडची सोय नसेल तर लंडनमधल्या क्यूला, अभिलेखागारात, जायचं किंवा प्रती मागवायच्या. आधी महिने नक्की करा, नाहीतर नको त्या फाइलींचेही पैसे भराल.