१२३४५६७८९८७६५४३२१ : दहावा १ आला की नक्षी का मोडते?

सातवीतल्या मुलीची आई:
लेकीने वहीच्या मागच्या पानावर ११ × ११ = १२१, १११ × १११ = १२३२१ असं मांडलंय. एकेक १ वाढवत ती नऊ एकांपर्यंत गेली, म्हणजे ११ कोटी ११ लाख ११ हजार १११. तिथे मोबाइलचा कॅल्क्युलेटर पूर्ण उत्तर दाखवेना. उत्तर शीर्षकातली संख्याच असणार, असं ती ठामपणे सांगते. बरोबर आहे का? आणि दहा एक घेतले तर मधे १० कसा बसणार? मी कॉमर्सची. पण "असंच असतं" म्हणून तिला गप्प करायचं नाहीये.

निवृत्त गणित शिक्षक:
ताई, लेक बरोबर आहे. चौकटीच्या वहीत गुणाकार मांडा. एकांच्या नऊ ओळी, प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकलेली. आता उभे रकाने मोजा: उजवीकडून एक, दोन, तीन... मधल्यात नऊ, मग उतरत पुन्हा एक. हातचा कुठेच येत नाही, म्हणून नक्षी टिकते.

दहा एक घेतले की मधल्या रकान्यात दहा. शून्य लिहा, हातचा १. डावीकडच्या ९ चे दहा होतात, पुन्हा शून्य, पुन्हा हातचा. मग ८ चा ९ होतो. उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१.

मला मात्र नऊ एकांच्या उत्तरातलं वेगळंच काही फार आवडतं. त्याच्या अंकांची बेरीज करा, ८१ येते. त्या संख्येला याच ८१ ने गुणा: ९९९९९९९९८००००००००१. हा ९९९९९९९९९ चा वर्ग. तो मधोमध तोडा आणि दोन्ही तुकडे मिळवा: ९९९९९९९९८ + १. परत नऊ नऊच! वर्गाचे तुकडे मिळवून मूळ संख्या देणाऱ्या अशा संख्यांना कापरेकर संख्या म्हणतात. द. रा. कापरेकर देवळालीला शाळेत शिकवायचे. ६१७४ या 'कापरेकर स्थिरांका'मुळे जग त्यांना ओळखतं, पण १२१, १२३२१ ही माळही त्यांच्याच अभ्यासातली. तिला त्यांनी डेम्लो संख्या म्हटलं. मुलीला हे नाव जरूर सांगा.

रोजचा लोकलवाला:
डेम्लो म्हणजे आमची डोंबिवली! जुन्या जी.आय.पी. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेच्या त्या स्टेशनवर त्यांना ही कल्पना सुचली, म्हणून ते नाव. मूळ अवयवही पाडून बघा. नऊ एक = १११ × १००१००१, म्हणजे ३ × ३७ × ३ × ३३३६६७. वर्गात प्रत्येक अवयव दुप्पट वेळा येतो: ३ चार वेळा, बाकीचे दोन दोनदा. विभाजक बनवताना ३ शून्य ते चार वेळा घेता येतो, म्हणजे ५ प्रकारे, आणि बाकीचे दोन प्रत्येकी ३ प्रकारे, म्हणून एकूण विभाजक ५ × ३ × ३ = ४५.

सातवीतल्या मुलीची आई:
मांडलं. रकाने तिनेच मोजले. मग न सांगता अकरा एकही केले: १२३४५६७९०१२०९८७६५४३२१. "आई, शून्यानंतर १, २ परत सुरू झालं!" आता बारा एकांसाठी दोन पानं चिकटवून घेतली आहेत.