रेडमधली एक डिस्क कुरकुरतेय, आत्ताच काढू का?

पोटमाळा (गिरगाव)
घरच्या जुन्या पीसीत लिनक्सवर ४ टीबीच्या चार डिस्क रेड ५ मध्ये लावल्यात (चारही मिळून एकच साठा, एक डिस्क गेली तरी बाकीच्यांवरून डेटा भरून काढता येतो). त्यावर बाबांच्या जुन्या फोटोंची स्कॅन आणि आईच्या भजनी मंडळाची रेकॉर्डिंग आहेत. परवा रात्री कॅबिनेटमधून टक्... टक्... आवाज यायला लागला. आधी वाटलं पाल आहे. स्मार्ट रिपोर्ट (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद) काढला तर एका डिस्कचे पेंडिंग (वाचायला अडणारे) सेक्टर ४८ आणि रीअलोकेटेड (खराब म्हणून बदललेले) ११२. अ‍ॅरे (चारही डिस्कचा गट) अजून 'क्लीन', म्हणजे ठीक, दाखवतोय. ती डिस्क आत्ताच काढून ठेवू का? आणि नवीन कुठली घेऊ? बजेट बेताचं आहे.

फाटक_बंद (ठाणे)
आधी त्याच रिपोर्टात १९९ नंबरचा आकडा बघ, तो केबलवरून डेटा जाताना झालेल्या चुका मोजतो. तो वाढत असेल तर बहुतेक केबलचा घोळ. शंभर-दीडशेत काम होईल.

पोटमाळा
१९९ शून्य आहे.

फाटक_बंद
मग डिस्कच. श्रद्धांजली.

कांजूरकर
काढू नकोस! अर्धमेली असली तरी ती अजून कामाची आहे. ती काढलीस की अ‍ॅरे उघडा पडतो (मग आणखी एक गेली की डेटा गेला), आणि नवीन डिस्क भरायला बाकीच्या तिन्ही डिस्क पूर्ण, म्हणजे १२ टीबी, वाचाव्या लागतात. साध्या घरगुती डिस्कच्या डेटाशीटवर दर १०^१४ बिट्समागे, म्हणजे साधारण १२.५ टीबीमागे, न वाचता येणारा एक सेक्टर गृहीत धरलेला असतो. प्रत्यक्षात डिस्क याहून बऱ्या निघतात, पण नेमक्या त्याच रात्री नशीब कशाला आजमावायचं?

मदरबोर्डवर साटाचा (डिस्क जोडायचा) एखादा पोर्ट मोकळा असेलच. नवीन डिस्क जुनीच्या *सोबत* लाव आणि एमडीएडीएमचा (लिनक्सवर रेड सांभाळणारा प्रोग्राम) 'रिप्लेस' पर्याय वापर. तो आजारी डिस्कवरून थेट नवीनवर कॉपी करतो आणि जे सेक्टर वाचता येत नाहीत तेवढेच बाकीच्या डिस्कवरून भरून काढतो.

पण सगळ्याच्या आधी बाबांचे फोटो एका बाहेरच्या डिस्कवर उतरव. आज रात्रीच. चुकून फोल्डर उडालं तर रेड ते चारही डिस्कवरून इमानदारीने उडवेल.

गच्चीवरची_टाकी (दादर)
खरेदीबद्दल सांगतो. डिस्कवर लिहायच्या दोन पद्धती असतात, त्यातली सीएमआरच घ्या (ट्रॅक शेजारीशेजारी, सुटे), एसएमआर नको. एसएमआरमध्ये ट्रॅक कौलांसारखे एकावर एक चढवलेले असतात. मधलं एक कौल बदलायचं तर शेजारची हलवावी लागतात, म्हणून रीबिल्डमध्ये (नवीन डिस्क भरताना) त्या रडतात. २०२० मध्ये डब्ल्यूडी कंपनीच्या 'रेड' (Red, हे डिस्कचं नाव) मालिकेतल्या २ ते ६ टीबीच्या डिस्क एसएमआर असल्याचं उघड झालं. त्यानंतर सीएमआरवाल्या 'रेड प्लस' नावाने वेगळ्या केल्या. सीगेटची आयर्नवुल्फही सीएमआर आहे. जुनीपेक्षा एक बाइटही लहान चालणार नाही, मोठी चालेल.

लॅमिंग्टन रोडला जा, पण जीएसटीचं पक्कं बिल घ्या आणि सीरियल नंबर कंपनीच्या साइटवर तिथेच उभं राहून तपासा. बाहेरून आणलेल्या मालाला इथे वॉरंटी मिळेलच असं नाही. मला एकाने 'सीलबंद' म्हणून दिलेली डिस्क घरी लावली, तर पॉवर-ऑन अवर्स (डिस्क आधीच चाललेले तास) १९ हजार! परत करायला गेलो तर म्हणे, "साहेब, टेस्टिंगचे असतील."

पोटमाळा
😂 दोन वर्षं टेस्टिंग! फोटो काल रात्री उतरवले. पोर्ट मोकळा आहे. आता आजारी डिस्क ओळखायची कशी? चारही सारख्या दिसतात. रिपोर्टात ती एसडीसी (लिनक्सने डिस्कला दिलेलं नाव) होती.

कांजूरकर
एसडीसी-बिएसडीसीवर अजिबात विसंबू नकोस, रीबूटनंतर अक्षरं बदलू शकतात. मी एकदा तसंच करून चांगली डिस्क उपसली होती. घामच फुटला. सीरियल नंबर बघ, शेवटची चार अक्षरं मास्किंग टेपवर लिही आणि चारही डिस्कवर आत्ताच चिकटव. यूपीएस आहे ना?

पोटमाळा
आहे.

*(तीन दिवसांनी)*

झालं. आयर्नवुल्फ घेतली, पॉवर-ऑन अवर्स शून्य. दुपारी तीनला 'रिप्लेस' सुरू केलं. ६१ टक्क्यांवर वेग धपकन खाली आला, त्या टक्-टकीसकट. पंधरा मिनिटं तसाच होता, मग पुन्हा धावला. पहाटे पावणेदोनला संपलं. आई दोनदा उठून विचारून गेली, "भजनं आहेत ना रे?" आहेत.

जुनी डिस्क भंगारवाल्याला देऊ का?

फाटक_बंद
मरणाऱ्या डिस्कवरचा डेटा नीट पुसला जातच नाही. आधी ड्रिल मार, मग दे.