जर्मनीतला इंग्लिश ख्रिसमस : कधी आणायचं, काय मागायचं, कुठे फसतं

ब्रिटनमध्ये राहून मग जर्मनीत आलेली घरं डिसेंबर लागला की एकाच पेचात सापडतात, मग ती मूळची यॉर्कशायरची असोत नाहीतर लंडनमार्गे आलेली पुण्याची. मुलांना २५च्या सकाळी भेटींनी भरलेले मोजे हवे असतात, दुपारी टर्की आणि सुक्या मेव्याचं वाफवलेलं पुडिंग हवं असतं. आणि भोवतालचा देश २४च्या संध्याकाळीच सण उरकून मोकळा झालेला असतो. म्हणून वेगवेगळ्या शहरांतल्या अशा घरांकडून सूचना मागवल्या, अट एकच: आठवणी लिहू नका, त्या सगळ्यांकडेच आहेत. दुकानात कुठला शब्द वापरायचा, किती ग्रॅम, किती तास आणि कुठे बिघडतं, तेवढंच हवं आहे.

हॅम्बुर्गहून

यादीच्या आधी कॅलेंडर उघडा. पदार्थ न मिळाल्यानं इंग्लिश जेवण जेवढं फसतं, त्यापेक्षा जास्त ते दुकान बंद असल्यानं फसतं. २५ आणि २६ डिसेंबर या दोन्ही सरकारी सुट्ट्या. २४ सुट्टी नाही, पण दुकानं फार तर दुपारी २ पर्यंत, आणि सकाळी ११ नंतर भाजीच्या खणात काय उरलेलं असतं ते विचारू नका. रविवारी एरवीही बंदच. २०२६ साली २४ तारीख गुरुवारी आहे, म्हणजे शुक्र-शनि सण, त्याला जोडून रविवार, आणि किराणा थेट सोमवारी २८ला. मोठ्या रेल्वे स्टेशनांतली दुकानं आणि पेट्रोल पंप उघडे असतात. तिथे दूध-लोणी मिळेल, पार्सनिप (गाजरासारखं पांढरं मूळ) नाही. ताजी खरेदी २३च्या सकाळी संपलेली असावी.

पुडिंग कालवायचा इंग्लिश मुहूर्त म्हणजे ॲडव्हेंटच्या, म्हणजे ख्रिसमसआधीच्या चार रविवारांच्या, आधीचा शेवटचा रविवार. जर्मनीत नेमका तोच टोटेनझोनटाग, मृतांच्या स्मरणाचा रविवार. पुष्कळ ख्रिसमस बाजार तो उलटल्यावरच सुरू होतात आणि खिडकीतले दिवेही रीतीप्रमाणे त्यानंतरच लागतात. पुडिंग घरात कालवायला कुणाची हरकत नाही. बाल्कनीतली लुकलुकती माळ मात्र आठवडाभर थांबू द्या.

म्युनिकहून, टर्कीबद्दल

दुकानात शब्द ‘पुटे’ किंवा ‘ट्रुटहान’. वर्षभर मिळते ती कापलेली: श्नित्सेलचे काप, छातीचा तुकडा, मांडी. जर्मन घरांत सणाला हंस किंवा बदक असतं, २४ला तर अनेकांकडे बटाट्याचं सॅलड आणि उकडलेले सॉसेज एवढंच. त्यामुळे अख्खी ताजी टर्की हवी तर खाटकाकडे नोव्हेंबरअखेर नोंदवा, वजन सांगून, आणि ‘मिट इनेराइएन’ म्हणजे आतल्या अवयवांसकट मागा. मान आणि जठर नसेल तर ग्रेव्ही पाणचट होते. दुसरा मार्ग फ्रीझरमधली ‘बेबीपुटे’, ३ ते ४ किलोची. सहा माणसांना पुरते.

गोठलेल्या टर्कीला फ्रिजमध्ये सुटायला किलोमागे १० ते १२ तास लागतात. ५ किलोला ६० तास धरा, म्हणजे २२च्या दुपारीच बाहेर काढायला हवी. २४ला काढली की २५ला पोटात बर्फाचा गोळा असतो. वरून लाल, आतून कच्ची, यामागे बहुतेक वेळा हेच कारण.

ओव्हन १८० अंशांवर आधी तापवलेला. साडेचार किलोच्या आत असेल तर किलोमागे ४५ मिनिटं आणि वर २०. साडेचार ते साडेसहा किलोला किलोमागे ४० मिनिटं. म्हणजे ५ किलोला ३ तास २० मिनिटं. हे आकडे ‘ओबर-उंटरहिट्झे’चे, म्हणजे वरखालच्या उष्णतेचे. ‘उमलुफ्ट’, पंख्याचा ओव्हन, लावलात तर २० अंश कमी करा. जुन्या इंग्लिश पुस्तकात गॅस मार्क लिहिलेला असेल तर ४ म्हणजे १८०, ६ म्हणजे २००, ७ म्हणजे २२०. घड्याळावर पूर्ण विसंबू नका. मांडीच्या सर्वांत जाड भागात, हाडाला न लावता, मांसात खुपसायच्या थर्मामीटरचा काटा ७५ अंश दाखवतो का ते बघा.

साडेदहाला आत घातली तर दोनच्या सुमारास बाहेर येते. ती झाकून ४५ मिनिटं मुरू द्या, तेवढ्यात ओव्हन २२० करून अर्धे भाजलेले बटाटे कुरकुरीत होतात. तीनला पानं वाढली की राजाच्या भाषणाआधी जेवण आटोपतं; ब्रिटनमधले तीन म्हणजे इथले चार. बीबीसीचा आयप्लेअर ब्रिटनबाहेर चालत नाही, राजघराण्याच्या यूट्यूब वाहिनीवर भाषण येतं.

ड्यूसेलडॉर्फहून, बाकीच्या ताटाबद्दल

पार्सनिप म्हणजे ‘पास्टिनाके’. शेजारीच ‘वुर्त्सेलपेटरझीलिए’, अजमोदेचं मूळ, ठेवलेलं असतं आणि दिसायला सख्खी बहीण. ओळख देठापाशी: पार्सनिपमध्ये देठाभोवतीचा भाग खोलगट असतो, अजमोदेच्या मुळात तिथे उंचवटा. चुकून दुसरं आणून मधात भाजलंत तर ताटात सूपचा वास येतो.

बटाट्याच्या पिशवीवर ‘मेलिश कोखेंड’ लिहिलेलं हवं, पिठूळ जात. ‘फेस्टकोखेंड’ सॅलडचा, तो कितीही भाजा, वरून चामड्यासारखा होतो. १० मिनिटं उकडा, पाणी काढा, झाकण लावून भांडं खडखडा हलवा म्हणजे कडा फुटतात. मग कडकडीत तापलेल्या चरबीत. इथे एक सापळा आहे. ‘गेन्झेश्माल्त्स’ म्हणून मिळणाऱ्या हंसाच्या चरबीत बऱ्याचदा डुकराची चरबी मिसळलेली असते आणि कांदा-सफरचंदाचे तुकडेही, कारण जर्मन माणूस ती पावाला लावून खातो. तुकडे ओव्हनमध्ये जळून कडू होतात. घटकांची यादी वाचूनच डबा उचला.

बेकनमध्ये गुंडाळलेल्या छोट्या सॉसेजसाठी न्युर्नबर्गर उत्तम, बोटाएवढे असतात. त्यात मारजोरम असतो, तेव्हा मसाला वेगळा नको. बाहेरून गुंडाळायला ‘फ्र्युश्टुक्सश्पेक’. सेज-कांद्याच्या सारणाला ‘क्नोएडेलब्रोट’, कापून वाळवलेला पाव, आयताच मिळतो. क्रॅनबेरी ताजी न मिळाल्यास ‘प्रायझेलबेरेन’ची बाटली, थोडी आंबट-कडवट पण टर्कीसोबत जमते. ब्रसेल्स स्प्राउट्स (छोट्या कोबीसारखी भाजी) आणि सोललेले चेस्टनट (‘मारोनेन’) यांबद्दल काही सांगण्यासारखं नाही, सगळीकडे आहेत.

कोलोनहून, पुडिंग आणि मिन्स पाय

आठ जणांच्या पुडिंगला: ३५० ग्रॅम सुका मेवा (‘रोझिनेन’, ‘झुल्टानिनेन’, ‘कोरिंथेन’ या तीन जातींचे बेदाणे मिळून), ५० ग्रॅम ‘ओरांजात-त्सिट्रोनात’ (संत्र्या-लिंबाच्या पाकवलेल्या साली), १०० ग्रॅम चरबी, १०० ग्रॅम पावाचा चुरा, ६० ग्रॅम मैदा, १७५ ग्रॅम काळसर साखर, १ किसलेलं सफरचंद, २ अंडी, २ चमचे मसाला, १०० मिली काळी बिअर (‘श्वार्त्सबिअर’) आणि २ मोठे चमचे ‘वाइनब्रांट’ (जर्मन ब्रँडी).

आता अडणाऱ्या गोष्टी. यादीतली चरबी म्हणजे इंग्लिश ‘स्यूएट’, गाईच्या मूत्रपिंडाभोवतीची चरबी, ‘रिंडरनीरेनफेट’. खाटकाला आधी सांगावं लागतं. नको असेल तर फ्रीझरमध्ये कडक केलेलं लोणी किसून घाला, पोत थोडा जड येतो इतकंच. सेल्फ-रेझिंग मैदा (बेकिंग पावडर आधीच मिसळलेला) जर्मनीत साधारण दुकानात नसतो: ४०५ नंबरचा मैदा आणि ‘बाकपुल्फर’ची, म्हणजे बेकिंग पावडरची, एक पुडी, साधारण १६ ग्रॅम, ५०० ग्रॅम मैद्याला. इंग्लिश पुडिंग-केकला एवढी थोडी कमी पडते. दीड पुडी बरोबर बसते.

‘ब्राउनर त्सुकर’ बहुतेक वेळा कोरडी, खडीसाखरेच्या जातीची असते, तिच्यात मळीचा ओलावा नाही. मस्कोवाडोच्या (मळीसकटच्या ओलसर काळसर साखरेच्या) जागी भारतीय दुकानातला काळा गूळ किसून घ्या, वजनाला वजन. काळ्या ट्रीकलला (इंग्लिश मळीच्या पाकाला) पर्याय बीटचा पाक, ‘त्सुकररुबेनझिरुप’. इंग्लिश मिक्स्ड स्पाइसच्या जागी ‘लेबकुखेनगेव्युर्त्स’ सगळे सुचवतात, पण त्यात बडीशेपेचा सूर असतो. दालचिनी ४ भाग, जायफळ २, ऑलस्पाइस (‘पिमेंट’) २, सुंठ १, धने १, लवंग अर्धा, असं घरीच दळलेलं बरं.

वाफवायला ६ ते ८ तास आणि २५ला परत २ तास. पुडिंगचं इंग्लिश भांडं इथे नाही. जर्मन पुडिंगच्या साच्याला मधे नळी असते, त्यात गोल गरगरीत आकार येत नाही. १ लिटरचा स्टीलचा डबा घ्या. प्रेशर कुकर चालतो, पण पहिली २० मिनिटं शिट्टी न लावता, नाहीतर पुडिंग फुगण्याआधीच दबतं. नंतर अगदी मंद आचेवर २ तास. आपल्या शिटीच्या कुकरमधून वाफ सतत जाते, म्हणून तळाशी दीड लिटर पाणी आणि मधे एकदा गार करून तपासणी.

मिन्समीटमध्ये, म्हणजे मिन्स पायच्या सुक्या मेव्याच्या गोड सारणात, मांस नसतं, हे जर्मन शेजाऱ्यांना पहिल्या घासाआधी सांगा. ब्रॅमली सफरचंद मिळत नाही, ‘बोस्कोप’ घ्या, तेवढंच आंबट. बरणी आठवड्यात फसफसते ती सफरचंदाच्या रसामुळे. ब्रँडी सोडून सगळं मिश्रण १२० अंशांवर ३ तास ओव्हनमध्ये ठेवा. चरबी वितळून प्रत्येक तुकड्याला लागते आणि रस आत अडकतो. गार होताना ढवळत राहा, ब्रँडी शेवटी.

बर्लिनहून

गुळाला वजनाला वजन हे पटत नाही. आपला गूळ मस्कोवाडोपेक्षा खारट असू शकतो. १७५ पैकी १०० ग्रॅम गूळ आणि ७५ साधी साखर घेतली तर चव सरळ येते.

ब्रँडी बटरसाठी लोण्याच्या पाकिटावर ‘झ्युसराम’ वाचा. ‘झाउअरराम’ किंवा ‘मिल्डगेझोएर्ट’ असेल तर ते किंचित आंबवलेलं, पोळीवर छान, ब्रँडी-साखरेत विचित्र. डबल क्रीममध्ये ४८ टक्के स्निग्धांश, जर्मन ‘श्लागझाने’त ३०च्या आसपास, ओतायला ठीक, दाट थरासाठी ‘क्रेम डूब्ल’. कस्टर्डला ‘वनिलेपुडिंगपुल्फर’ची पुडी: पाकिटावर ५०० मिली दूध लिहिलेलं असतं, त्यानं वडी पडते. ८०० मिली दुधात करा, एक खळखळून उकळी येऊ द्या.

आणि पुडिंगवर ब्रँडी ओतून ते पेटवायचं तर वाइनब्रांट पळीत गरम करून मगच. ३६ टक्क्यांची थंड ब्रँडी पेटत नाही, काड्यांची पेटी तेवढी संपते.

फ्रँकफर्टहून, कस्टम

ब्रिटनहून येणारे आजी-आजोबा बॅगेत काय आणतात ते आधीच विचारा. २०२१ पासून ग्रेट ब्रिटन हा कस्टमच्या लेखी युरोपीय संघाबाहेरचा देश, त्यामुळे मांस आणि दुधाचे पदार्थ प्रवाशालाही आणता येत नाहीत आणि पार्सलनंही पाठवता येत नाहीत: बेकन, सॉसेज, स्टिल्टन चीज, क्लॉटेड क्रीम, सगळं बाद. ताजी फळं-भाज्याही रोगमुक्तीच्या प्रमाणपत्राविना नाहीत. केळी, खजूर, नारळ, अननस आणि ड्युरियन एवढीच सूट. बागेतल्या होलीच्या (सणाला सजावटीला लावायच्या काटेरी पानांच्या झाडाच्या) फांद्यांनाही प्रमाणपत्राचं हेच बंधन. विकतचं पुडिंग आणायचंच तर वनस्पती-चरबीचं निवडा, वाद नको.

भेटवस्तूंचं पार्सल खासगी माणसाकडून खासगी माणसाला आणि ४५ युरोंपर्यंत असेल तर करमुक्त. आत काय आहे ते फॉर्मवर वस्तुवार लिहायचं, ‘गिफ्ट’ एवढा शब्द पुरत नाही. इंग्लंडमधल्या दुकानातून आजीनं थेट पाठवलेलं खेळणं भेट धरलं जात नाही, त्यावर व्हॅट लागतो. विमानानं आल्यास माणशी ४३० युरोंपर्यंतचा माल चालतो, १५ वर्षांखालच्यांना १७५.

ख्रिसमस क्रॅकरमधली (जेवणाच्या टेबलावर दोघांनी ओढून फोडायच्या कागदी नळीतली) फटकन वाजणारी पट्टी स्फोटक धरली जाते. विमान कंपन्यांचे नियम वेगवेगळे, पोस्टानं तर पाठवूच नका. घरीच करा: पुठ्ठ्याच्या नळ्या, क्रेप कागद, ६० सेंटिमीटर घेराचा कागदी मुकुट आणि एक फालतू विनोद, आवाज तोंडानं.

लाइपझिगहून

झाडाबद्दल. जर्मन रीत २४ला सजवायची, इंग्लिश घरात ते डिसेंबरच्या सुरुवातीला उभं राहतं, म्हणून जात महत्त्वाची. ‘फिष्टे’ स्वस्त, पण गरम खोलीत दहा-बारा दिवसांत सुया गाळते. ‘नोर्डमनटाने’ पाणी मिळालं तर महिना काढते. आणल्यावर बुंध्याची २ सेंटिमीटर चकती कापा, नाहीतर चिकानं बंद झालेली तोंडं पाणी घेत नाहीत. जमिनीखालून हीटिंग असेल तर स्टुलावर ठेवा.

मुलांच्या प्रश्नांना तयार राहा. ५ डिसेंबरच्या रात्री पुसलेले बूट दाराबाहेर, निकोलाउससाठी. २४ला भेटी आणतात ते दक्षिणेत ख्रिस्टकिंड (बाळ येशू), उत्तर-पूर्वेत वाइनाख्ट्समान (ख्रिसमसचा म्हातारा). आणि तुमचा फादर ख्रिसमस २५ला पहाटे. खाती वाटून दिली की भानगड मिटते: २४ला एकच वस्तू, बाकी मोज्यात. बाराखडी शिकणाऱ्यांनी ब्रांडेनबुर्गमधल्या हिमेलप्फोर्टला वाइनाख्ट्समानच्या नावे पत्र टाकावं, इंग्रजी पत्रालाही उत्तर येतं. ॲडव्हेंटच्या तिसऱ्या रविवारच्या आत पोचायला हवं.

संत्र्यात मेणबत्ती खोचायचा ख्रिस्टिंगल हा ब्रिटिश शाळांचा लाडका प्रकार जर्मन शिक्षिकेला बहुधा ठाऊक नसतो, आणि गंमत म्हणजे त्याचा उगम जर्मनीतलाच, १७४७ साली मारिएनबोर्नच्या मोरेव्हियन या प्रोटेस्टंट पंथाच्या मंडळीत. ब्रिटनमध्ये तो १९६८ नंतर पसरला. मेणबत्तीखाली फॉइलचा चौकोन घाला, नाहीतर मेण सालीवर आणि तिथून हातावर.

स्टुटगार्टहून, नंतरचं

चौकोनी इंग्लिश कार्डांना इथे साध्या पत्राचं तिकीट पुरत नाही, पाकीट आयताकृती लागतं. झाड ६ जानेवारीनंतर नगरपालिका उचलते. इंग्लिश रीतीनं ५च्या रात्री उतरवलेलं बरोबर वेळेत बसतं, फक्त पिशवीत बांधू नका आणि चमकीचा एक धागाही राहू देऊ नका. आमच्या बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये, बव्हेरियात आणि झाक्सेन-आनहाल्टमध्ये ६ जानेवारी सुट्टी, पुन्हा दुकानं बंद. रिकाम्या काचेच्या बाटल्या सणाच्या दिवशी कंटेनरमध्ये टाकायच्या नाहीत, आवाजामुळे मनाई आहे. २५च्या जेवणानंतर त्या बाल्कनीत रांगेत उभ्या करा, सोमवारपर्यंत.