रोज टेकडीवर जाऊनही डी जीवनसत्त्व कमीच! मदत हवी आहे

चैत्रपालवी:
सरळ मुद्द्यावर येते. थंडी सरल्यापासून रोज वेताळ टेकडीवर जातेय. झोप सुधारली, चिडचिड कमी झाली, हे मान्य. पण थकवा जाईना, पोटऱ्या दुखतात, म्हणून रक्त तपासलं तर डी १३! मग एवढं ऊन खाऊन उपयोग काय? जो तो सांगतो, वसंतात बाहेर पडा, तब्येत सुधारते. डॉक्टरांनी पुड्या लिहून दिल्यात, त्या मला घ्यायच्या नाहीत. नैसर्गिक उपाय हवाय. अनुभव असेल त्यांनीच लिहा, गूगल मीही केलंय.

खडकीचा खडूस:
वय? किती वाजता जाता? पुड्या कसल्या, किती? पत्रिका बघणारासुद्धा जन्मवेळ विचारतो हो.

चैत्रपालवी:
४१. सकाळीच जाते, टेकडीवर अजून कधी जातात? पुड्या ६०,००० युनिटच्या, आठवड्याला एक. पण प्रश्न पुड्यांचा नाहीये.

बारा नमस्कार:
ताई, टेकडी सोडा, गच्चीत रोज बारा सूर्यनमस्कार घाला. माझी पाठदुखी गेली.

खडकीचा खडूस:
त्यांची पाठ कुठे दुखतेय?

एरंडवण्याचे अप्पा:
थंडीत साठलेला कफ वसंतातल्या उन्हाने पातळ होतो, म्हणून अंग जड आणि आळसट वाटतं. आयुर्वेदात यावर चालणं, व्यायाम आणि मध सांगितलाय. दुपारची झोप बंद. पाडव्याला कडुलिंबाची चटणी खाल्लीत का? हे डी-बी आमच्या वेळी नव्हतं.

खडकीचा खडूस:
होतं अप्पा, कोणी मोजत नव्हतं.

सावलीमापक:
सकाळी म्हणजे नेमकं किती वाजता? सगळं त्यावरच अवलंबून आहे.

चैत्रपालवी:
पावणेसहाला निघते, सातला खाली. मुलाचा डबा असतो. आता तरी उत्तर मिळेल का?

सावलीमापक:
मिळालंच की. मार्चअखेरीस पुण्यात सूर्य उगवतो साडेसहाच्या सुमारास. तुम्ही अंधारात चढता आणि उजाडता उजाडता उतरता. त्वचेत डी तयार होतं ते अतिनील-बी किरणांमुळे, आणि सूर्य खाली असताना ते जवळजवळ सगळे वातावरणातच अडतात. साधा ठोकताळा: आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तेव्हाचं ऊन कामाचं. सध्या पुण्यात ती वेळ दहाच्या आसपास सुरू होते.

एरंडवण्याचे अप्पा:
साफ चूक. आमच्याकडे तान्ह्या बाळांना कोवळ्या उन्हातच धरत. एकालाही मुडदूस झाला नाही.

सावलीमापक:
तीच बाळं पुढे भर दुपारी अंगणात उघडी हुंदडत होती, तेही सांगा ना.

कर्वेनगरची कमल:
ताई, गाडीवर जाता का? स्कार्फ, सनकोट, हातमोजे?

चैत्रपालवी:
अर्थात. टेकडीवरही पूर्ण बाह्या आणि सनस्क्रीन. रापून घ्यायची हौस नाही मला. शिवाय ऑफिसात खिडकीजवळच बसते, दुपारभर ऊन येतं अंगावर.

सावलीमापक:
बंद काचेतून येतं ते ऊब आणि उजेड. हवे ते किरण काच अडवते. म्हणजे सकाळी किरण नाहीत, दुपारी काच, येता-जाता स्कार्फ. १३ आलं यात नवल नाही.

दुपारचा डुलकीवीर:
आणि आता या माउलीला ३८ डिग्रीत उभं करणार? उष्माघात झाला तर?

सावलीमापक:
बारा वाजता उभं राहा कोण म्हणालं? दहाच्या सुमारास हात-पाय उघडे ठेवून पंधरा-वीस मिनिटं. आपल्या सावळ्या कातडीला गोऱ्यांपेक्षा जास्त वेळ लागतो. चेहऱ्याचं सनस्क्रीन राहू द्या. कातडी चुरचुरायच्या आत सावलीत. पावसाळ्याचे ढग आले की ही सोयही जाते.

चैत्रपालवी:
म्हणजे टेकडी बंद करू?

कर्वेनगरची कमल:
मुळीच नको! झोप कशाने सुधारली असं वाटतं तुम्हाला? सकाळचा उघड्यावरचा उजेड डोळ्यांना मिळाला की शरीराचं घड्याळ जुळतं, रात्री झोप वेळेवर येते. चढणीचा व्यायाम वर. जमलं तर अर्धा तास उशिरा निघा, म्हणजे उजेड तरी जास्त मिळेल. रविवारी मुलालाही न्या. रोज दोनेक तास बाहेर घालवणाऱ्या मुलांना लांबचं न दिसण्याचा चष्मा लागायची शक्यता कमी होते.

चैत्रपालवी:
मुलाच्या डोळ्यांचं मी विचारलेलं नाही.

गिरीपुष्पविरोधी:
अवांतर: ज्या टेकडीवर ताई तब्येत कमावतायत, तिच्या कडेने बालभारती-पौड फाटा रस्ता काढायचं घाटतंय हे कोणाला आठवतंय का? आणि त्या गुलाबी फुलांचे फोटो टाकणं थांबवा. ते गिरीपुष्प परदेशी आहे. पळस, पांगारा बघा.

दुपारचा डुलकीवीर:
पौड रोडवर रोज अडकणाऱ्याला विचारा रस्ता हवा की नको ते.

गिरीपुष्पविरोधी:
वेगळा धागा काढा, तिथे सविस्तर बोलतो.

मेहुण्याचा भाऊजी:
माझा मेहुणा तीच पुडी रोज घेतो. एकदम ठणठणीत.

औंधचे डॉक्टर:
त्याला आजच थांबवा! डी लघवीवाटे सहज निघून जात नाही, अंगात साठतं. अति झालं की रक्तातलं कॅल्शियम वाढतं आणि मूत्रपिंडांवर येतं. चैत्रपालवी, १३ ही कमतरताच आहे, २० च्या खाली आम्ही तसंच धरतो. तिथून नुसत्या उन्हावर वर यायला फार वेळ लागेल. पुडी आठवड्याला एकच, जेवणानंतर, जेवणात थोडं तूप-तेल असू द्या. ऊन जोडीला ठेवा. शाकाहारी आहात का? बी-१२ आणि थायरॉईड बघितलंत?

चैत्रपालवी:
थायरॉईड केलंय, नॉर्मल आहे. बी-१२ नाही केलं. शाकाहारी आहे.

औंधचे डॉक्टर:
मग बी-१२ करून घ्या. थकवा आणि पोटऱ्यांचं सगळं खापर डीवर फोडू नका.

चैत्रपालवी:
ठीक. शनिवारी रक्त देते. पुडी आज जेवल्यावर घेतेय. दहाचं ऊन सुट्टीच्या दिवशीच जमेल, रोज ऑफिसला दांडी मारू शकत नाही.

सावलीमापक:
चहाच्या सुट्टीत अकराला गच्चीवर जा. बाह्या वर करून.

नवखा पुणेकर:
वेताळ टेकडीला गाडी कुठे लावायची? रविवारी जागा मिळते का?