दोराने झाडावर चढून छाटणीचं काम: साहित्य, शिक्षण आणि काप कुठे द्यावा?

अमळनेरकर_तिघे

राम राम मंडळी. अमळनेर-चोपडा पट्ट्यात आमची तिघांची टोळी झाडं उतरवायची कामं घेते. कुऱ्हाड, कोयता, एक चैनसॉ आणि कमरेला बांधायचा जाड सोल, एवढंच साहित्य आहे. आता कॉलनीवाले, शाळा, मंदिराचे ट्रस्ट सांगतात की झाड राहिलं पाहिजे, फक्त धोक्याची फांदी काढा. हे काम रीतसर शिकून करायचं आहे. पैसा आधी कशावर घालावा, शिक्षण कुठे मिळतं, आणि जुना निंब, चिंच, गुलमोहर छाटताना झाड खराब होऊ नये म्हणून काप कुठे द्यावा? जाणकारांनी सविस्तर सांगावं.

सातपुडा_पायथा

भाऊ, पैसा आधी अंगावर घाला, मशीनवर नंतर. कमरेचा सोल पडणाऱ्याला झेलत नाही, पोट आणि बरगड्या आवळतो. माणूस बेशुद्ध झाला तर त्यातून उलटा निसटतो. झाडावरच्या कामाचा हार्नेस, म्हणजे अंगाला बांधायचा पट्ट्यांचा साज, वेगळा असतो. त्याला मांड्यांचे पट्टे, पुढे मधोमध जोडणी आणि दोन्ही कुशींना कड्या असतात. बांधकामावरचा पाठीला हूक असलेला पट्टा पडणं थांबवायला ठीक आहे, पण त्यात बसून काम होत नाही.

चढायचा दोर ११.७ ते १३ मिमी जाडीचा, कमी ताणणारा, २२ किलोन्यूटनपेक्षा (साधारण सव्वादोन टन) जास्त भार सोसणारा आणि ४५ मीटर लांब घ्या. दोर वरच्या बेचक्यातून जाऊन परत तुमच्याकडे येतो, म्हणजे २० मीटरवर अडकवला तर ४० मीटर तिथेच लागला. दोराच्या मोकळ्या टोकाला गाठ हवीच. उतरताना दोर कमी पडला आणि टोक पकडगाठीतून (दोरावर सरकणारी, भार आला की घट्ट धरणारी गाठ) सुटलं, की माणूस सरळ खाली येतो. अशा अपघातांत चांगले अनुभवी लोकही सापडतात.

पकडगाठीसाठी सुरुवातीला ब्लेक्स हिच शिका. उभ्या दोराला खालून वर चार वेढे द्यायचे. मग शेपूट खाली आणून उभ्या दोराच्या मागून फिरवायचं आणि खालच्या दोन वेढ्यांच्या आतून बाहेर काढायचं. शेपटाला आठाची गाठ मारायची. शेपूट चुकीच्या जागी घातलं तरी गाठ लांबून तशीच दिसते आणि भार आला की उलगडते. म्हणून जमिनीपासून हातभर उंचीवर पूर्ण वजन टाकून बघितल्याशिवाय वर जायचं नाही. उतरताना घाई केली की घर्षणाने दोर तापतो, गाठीजवळ चकचकीत आणि कडक होतो. तो भाग बाद समजा.

दोर टाकायला २ मिमीची फेकदोरी आणि ३००-३५० ग्रॅमची शिशाची थैली लागते. बेचका खोडाजवळचा, जिवंत लाकडाचा, निदान १० सेंमी जाडीचा बघा. गुलमोहर आणि सुबाभळीत त्याहून जाड, कारण लाकूड ठिसूळ असतं आणि न वाजता तुटतं. चढण्याआधी दोघांनी मिळून दोराला लोंबकळून झटके द्यायचे.

करवत किंवा मशीन हातात आली की शरीर दोन ठिकाणी बांधलेलं हवं: एक मुख्य दोर आणि दुसरी फांदीभोवतीची छोटी दोरी, जिच्या आत पोलादी तार असते. मशीन एका दोराला लागली तरी दुसरी जागा धरून ठेवते. कॅराबिनर (दोर अडकवायच्या धातूच्या कड्या) तीन हालचालींनी उघडणारे, आपोआप कुलूप लागणारेच घ्या.

एक गोष्ट बहुतेक ठिकाणी दुर्लक्षित राहते. दोर पिकअपमध्ये बॅटरीशेजारी टाकू नका. बॅटरीच्या ॲसिडने नायलॉनचे धागे आतून मरतात आणि बाहेरून काही दिसत नाही. पेट्रोल, ऑईल आणि उन्हापासूनही जपा. दोराला स्वतंत्र पिशवी ठेवा.

आणि खाली दुसरा चढणारा, दुसरा दोर आणि दुसरा हार्नेस तयार नसेल तर काम सुरूच करू नये. हार्नेसमध्ये निपचित लटकलेल्या माणसाचं रक्त पायांत साचतं, त्याला काही मिनिटांत उतरवावं लागतं. तोवर तालुक्याहून अग्निशमनची गाडी पोहोचत नाही.

बुंधा_आणि_साल

कापाबद्दल लिहितो.

फांदी खोडाला मिळते तिथे बुडाशी फुगवटा असतो, आणि वरच्या बाजूला साल दुमडून एक खरबरीत कडा उठलेली दिसते. निंबावर ही कडा स्पष्ट असते, चिंचेवर हात फिरवून शोधावी लागते. शेवटचा काप त्या कडेच्या बाहेरून सुरू होऊन फुगवट्याच्या बाहेर संपला पाहिजे. फुगवटा खोडाचा भाग आहे. तो कापला तर कुज सरळ खोडात उतरते. उलट हातभर खुंट ठेवला तर तो वाळतो, त्यात उधई आणि बुरशी शिरते आणि झाडाला जखम बंद करता येत नाही.

जड फांदी एका कापात काढायची नाही, ती स्वतःच्या वजनाने साल सोलत खोडावर खालपर्यंत फाटते. पहिला काप खोडापासून ३० ते ४५ सेंमी बाहेर, खालून वर, जाडीच्या पाव ते एक तृतीयांश. जास्त खोल गेलात तर पाती अडकते. दुसरा काप वरून, पहिल्यापेक्षा २ ते ५ सेंमी आणखी बाहेर. फांदी तिथे सुटते. मग उरलेला खुंट हलक्या हाताने फुगवट्याबाहेर.

डांबर किंवा ऑईलपेंट लावू नका. अमेरिकेच्या वनखात्यातले ॲलेक्स शिगो यांनी हजारो खोडं उभी चिरून दाखवलं की झाड जखम भरून काढत नाही, तिला आतून भिंती घालून बंदिस्त करतं. डांबराखाली ओल टिकते आणि कुजीचंच फावतं. आंब्याच्या बागेत बोर्डो पेस्ट लावतात, १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १० लिटर पाणी. तिचं काम बुरशीविरुद्ध आहे, तिथे ती जरूर लावा, पण चुकीचा काप तिच्याने दुरुस्त होत नाही.

एका वर्षात हिरव्या पानांचा पाव भागाहून जास्त काढू नका. म्हाताऱ्या झाडाचा तर त्याहून कमी. भार कमी करताना फांदी मधेच तोडू नका, जाडीत निदान एक तृतीयांश असलेल्या उपफांदीवर आणून थांबा, म्हणजे रस तिकडे जातो.

सगळं मुंडण केलं की दोन गोष्टी होतात. जळगाव-भुसावळचं मे महिन्याचं ऊन आजवर सावलीत असलेल्या सालीवर पडतं, नैऋत्येकडची साल भाजून तडकते. आणि खुंटावर धुमारे झुडुपासारखे फुटतात. ते सालीलगतच चिकटलेले असतात, मुळात खोलवर धरलेले नसतात. तीन-चार वर्षांत जड झाले की जूनच्या वादळी वाऱ्यात पहिल्यांदा तेच पडतात. ग्राहकाला हे चढण्याआधी सांगा.

बुंध्याला टेबलासारखी कडक बुरशी आली असेल किंवा लाकडी हातोड्याने ठोकल्यावर पोकळ आवाज येत असेल, तर त्या झाडावर चढायचं नाही. क्रेन किंवा बकेटगाडी लागते. चढताना टोकदार काटेरी बूटही फक्त पूर्ण तोडायच्या झाडावर. राहणाऱ्या झाडाच्या सालीत प्रत्येक पाऊल एक जखम करतं.

कानस_आणि_साखळी

वर नेण्याची मशीन वेगळी असते, मूठ वरच्या बाजूला, १२ इंची पाती. ती एका हाताने चालवता येते असं दिसतं, पण तशी चालवू नये. पातीच्या टोकाचा वरचा चतकोर लाकडाला लागला की मशीन तोंडाकडे उसळते, दोन्ही हात आणि चेन ब्रेक (साखळी झटक्यात थांबवणारा दांडा) यांच्याशिवाय ती थांबत नाही. लहान फांद्यांना ३३० मिमीची वाकडी हातकरवत पुरते आणि ती जास्त सुरक्षित आहे.

मिश्रण ५० ला १, म्हणजे ५ लिटर पेट्रोलला १०० मिली टू-स्ट्रोक ऑईल. पेट्रोलात आता इथेनॉल असतं, ते हवेतली ओल ओढतं. काम संपल्यावर टाकी रिकामी करून मशीन बंद पडेपर्यंत चालवा, नाहीतर कार्बोरेटरचा पडदा कडक होतो. उन्हात तापलेल्या टाकीचं झाकण लगेच उघडू नका, पेट्रोल फवाऱ्यासारखं उडतं. साखळीला गाडीतलं काळं जळकं ऑईल घालायची सवय सोडा. त्यात धातूचा चुरा असतो आणि चिकटपणा नसतो, त्यामुळे पंप आणि पाती दोन्ही झिजतात.

भुशाऐवजी पीठ पडू लागलं की साखळी बोथट झाली. ३/८ लो प्रोफाइल मापाच्या साखळीला ४ मिमीची गोल कानस, कोन ३० अंश, प्रत्येक दाताला सारखेच घास. मंदिराजवळच्या वड-पिंपळात खिळे आणि तारा पुरलेल्या असतात, आधी तपासा.

अमळनेरकर_तिघे

फार उपयोगी माहिती, धन्यवाद. तारांजवळचं झाड आणि परवानगीचं काय? आणि प्रमाणपत्र कोणतं चालतं?

तापीकाठ

लोडशेडिंग आहे म्हणून लाईन मेली असं कधीच धरू नका. शेतीचा फीडर कधीही चालू होतो, शिवाय जनरेटर किंवा सोलरमधून उलटा करंट येऊ शकतो. महावितरणकडून लेखी परवाना घ्या. लाईन बंद करून दोन्ही बाजूंना अर्थिंग केलेलं डोळ्यांनी बघा, मगच चढा. ११ केव्हीच्या चालू तारेपासून माणूस, फांदी, दोर आणि हत्यार यांतलं काहीही ३ मीटरच्या आत जाता कामा नये. ओली फांदी करंट वाहते.

शहरात आणि नगरपालिकेच्या हद्दीत १९७५ चा झाडांच्या संरक्षणाचा कायदा आहे. त्यात झाडाला इजा करणंही तोडण्यात धरलं आहे, म्हणून जड छाटणीलाही वृक्ष अधिकाऱ्याची लेखी परवानगी घ्या. २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षांवरचं झाड वारसा वृक्ष ठरतं. गावाकडे १९६४ चा झाडतोडीचा कायदा लागतो. त्याच्या यादीत आंबा, चिंच, जांभूळ, मोह, साग, खैर, अंजन येतात. अक्कलकुवा-धडगावकडे आदिवासी खातेदाराच्या झाडांच्या विक्रीला १९६९ चा वेगळा कायदा आहे. परवानगी मालकाच्या नावाने निघते, प्रत तुमच्याकडे असू द्या.

प्रमाणपत्रांत इंटरनॅशनल सोसायटी ऑफ आर्बोरिकल्चर या झाडांची निगा राखणाऱ्यांच्या संस्थेची सर्टिफाइड आर्बोरिस्ट परीक्षा सगळीकडे ओळखली जाते. तिला साधारण तीन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो आणि दर तीन वर्षांनी नूतनीकरण. पण ती लेखी आहे, चढणं तपासत नाही. दोराचं शिक्षण हवं असेल तर इराटा या दोरावरच्या कामाच्या संघटनेचा पहिला स्तर करा: किमान चार दिवसांचं प्रशिक्षण आणि वेगळ्या दिवशी परीक्षा, भारतात केंद्रं आहेत. तो कोर्स इमारतींसाठी आहे, झाड आणि मशीन त्यात नाही. पण गाठी, दोन दोरांची शिस्त आणि लटकलेल्याला उतरवणं पक्कं होतं.

आणखी एक, आग्या मोहोळ. वड, पिंपळ, जुन्या चिंचेच्या आडव्या फांदीखाली ते असतं, आणि मशीनचा आवाज आणि धूर त्याला चेतवतात. दोराला बांधलेला माणूस पळू शकत नाही. आदल्या संध्याकाळी सगळ्या बाजूंनी झाड बघा. पोळं दिसलं तर ते काढणाऱ्याला आधी बोलवा.

सातपुडा_पायथा

तिघांपैकी एकाने फक्त खाली राहायचं, त्याचं काम दोर सांभाळणं आणि माणसं लांब ठेवणं. फांदी दोराने उतरवणार असाल तर त्याला वेगळा १४-१६ मिमीचा दोर आणि खोडाला बांधायचं घर्षणाचं साधन घ्या, चढायचा दोर त्यासाठी कधी वापरू नका. सुरुवातीचे दिवस २ मीटर उंचीवर, मशीनशिवाय, फक्त चढणं-उतरणं आणि एकमेकाला सोडवून आणणं यातच घाला. उन्हाळ्यात सकाळी ६ ते १० एवढंच वर जायचं.