गाइड ओढत नाही

अंध किंवा कमी दिसणाऱ्या धावपटूसोबत गाइड धावत असला की धावणं सोपं होतं, असं एकांनी लिहिलंय. अजिबात पटलं नाही. भारताच्या सिमरन शर्माची पॅरिस पॅरालिम्पिक २०२४ची २०० मीटरची टी१२ (खूप कमी दिसणाऱ्या धावपटूंचा गट) फायनल पुन्हा बघा. तिचा आणि गाइड अभय सिंगचा हात आखूड दोरीने जोडलेला, वळणावरही दोघांची पावलं एका लयीत. त्याने तिला ओढलं किंवा तिच्याआधी रेषा ओलांडली, तर ती बाद! म्हणजे त्याने तिच्याहून वेगवान असायचं आणि तरी शेवटी मागेच राहायचं. टोकियोत तिला फायनलही गाठता आली नव्हती. पॅरिसमध्ये १०० मीटरला चौथी, हातातोंडाशी आलेलं पदक गेलं. दोनच दिवसांनी २०० मीटरला २४.७५ सेकंदांत कांस्य. काय जिगर आहे पोरीची!